जिनिंगच्या सर्व्हरवर इंटेलचं जुनं चार पोर्टचं नेटवर्क कार्ड: आठ महिन्यांनंतर

धरणगावजवळच्या एका जिनिंगचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे. ऑफिसात एक साधा डेस्कटॉप, त्यावर प्रॉक्समॉक्स ८, म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारी लिनक्सवरची सिस्टम. एका व्हीएमवर विंडोज आणि टॅली, दुसऱ्यावर ओपीएनसेन्स हा फायरवॉल-राउटर. वजनकाटा, कॅमेरे आणि ऑफिस यांचं नेटवर्क वेगळं करायचं म्हणून दिवाळीच्या तोंडावर इंटेल आय३५०-टी४ सेकंडहँड घेतलं.

कार्ड उत्तम आहे. आठ महिन्यांत एकदाही लिंक तुटली नाही. मे महिन्यात पत्र्याखालची ती खोली भट्टी झाली तेव्हासुद्धा नाही. त्याचा आयजीबी ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही.

हे मला आधीपासून माहीत होतं, तरी पहिल्या रात्री मी ड्रायव्हरच शोधत बसलो. कार्ड बसवलं, मशीन चालू केलं, नेटवर्क पोर्टांची यादी दाखवणारं 'आयपी लिंक' मारलं तर फक्त बोर्डावरचं जुनं पोर्ट. ड्रायव्हर चढवणारं 'मॉडप्रोब आयजीबी' गुपचूप चालून जायचं, एरर नाही, कार्डही नाही. कर्नल अपडेट केला. या कार्डाच्या नकला बाजारात भरपूर, म्हणून विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्याही घालून झाल्या. साडेअकराला 'एलएसपीसीआय', म्हणजे बोर्डाला दिसणाऱ्या कार्डांची यादी, बघायची बुद्धी झाली. तिथे या कार्डाचा ८०८६:१५२१ हा नंबर दिसायला हवा होता, त्याचा पत्ताच नाही. म्हणजे ड्रायव्हरचा प्रश्न अजून आलाच नव्हता; बोर्डालाच कार्ड दिसत नव्हतं.

तेच कार्ड वरच्या ग्राफिक्सच्या स्लॉटमध्ये घातलं आणि चारही पोर्ट हजर. मग बोर्डाचं मॅन्युअल शोधलं, ते कापसाच्या पावत्यांच्या गठ्ठ्याखाली निघालं. त्यात बारीक अक्षरात एक ओळ: दुसऱ्या एम.२ (छोट्या एसएसडीच्या खाचेमध्ये) ड्राइव्ह असेल तर खालचा पीसीआय स्लॉट बंद राहील. बॅकअपसाठी तिथे एनव्हीएमई एसएसडी मीच बसवली होती, महिनाभर आधी.

ग्राफिक्सचा स्लॉट मला मोकळा ठेवायचा होता. म्हणून एनव्हीएमई काढली, कार्ड परत खाली घातलं आणि खूश होऊन घरी गेलो. तेवढ्यात पीसीआयचे नंबर सरकले होते, आणि लिनक्स पोर्टची नावं त्याच नंबरांवरून ठेवतं. बोर्डावरचं ईएनपी३एस० आता ईएनपी४एस० झालेलं, आणि नेटवर्कच्या इंटरफेसेस फाइलमधला व्हीएमबीआर० ब्रिज, म्हणजे व्हीएमना पोर्टाशी जोडणारा आभासी स्विच, अजून जुन्याच नावाची वाट बघतोय. सकाळी काट्यावर कापसाच्या गाड्या लागल्या आणि काटेवाल्याचा फोन, "भाऊ, नेट काबर चालस नही?" दहा मिनिटं म्हणालो, तास गेला. ८००६ पोर्टवरचं प्रॉक्समॉक्सचं वेबपान उघडत नव्हतं, त्यामुळे मॉनिटर-कीबोर्ड उचलून सर्व्हरपाशी न्यावा लागला. फाइलमध्ये नाव बदलून आधी गाड्या मोकळ्या केल्या. संध्याकाळी सिस्टमडीच्या लिंक फाइलमध्ये प्रत्येक पोर्टचं नाव त्याच्या मॅक ॲड्रेसला (पोर्टच्या कायमच्या हार्डवेअर नंबराला) बांधलं, ते बूटच्या वेळीच लागू व्हावं म्हणून 'अपडेट-इनिटरॅमएफएस' चालवलं, रीबूट. तेव्हापासून नावं हलली नाहीत. हे मी कार्ड उघडायच्या आधीच करायला हवं होतं.

कुरकुर एकच: सीझनमध्ये कार्डाच्या हीटसिंकच्या फटींत रुईचे तंतू बसतात, हात लावला तर चटका. दर पंधरा दिवसांनी ब्लोअर मारतो, चिकटलेलं जुन्या टूथब्रशने काढतो. आणि त्या रिकाम्या एम.२ वर लाल टेप लावून ठेवली आहे.