ठोक अनुदान की देणगीवर सरकारी भर? अमेरिकी राज्यांच्या दोन पद्धती

अमेरिकेतल्या तुमच्या राज्यात उमेदवारांना प्रचारासाठी सरकारी निधी मिळावा म्हणून तुम्ही धडपडत असाल, तर आधी एक गोष्ट ठरवा. उमेदवाराला ठोक रक्कम द्यायची, की त्याने जमवलेल्या छोट्या देणग्यांवर सरकारने भर घालायची?

ठोक रकमेचा जुना नमुना मेन राज्याचा. तिथे 1996 मध्ये मतदारांनीच मतदान करून कायदा आणला आणि 2000 च्या निवडणुकीत तो पहिल्यांदा वापरला गेला. राज्याच्या प्रतिनिधिगृहाच्या उमेदवाराने आपल्या मतदारसंघातल्या किमान 60 मतदारांकडून पाच-पाच डॉलर आणायचे. ते पैसे त्याला मिळत नाहीत, सरकारी निधीत जातात. माणसं पाठीशी आहेत एवढंच त्यातून दिसतं. मग प्रचाराचा पैसा राज्य देतं आणि खासगी देणग्यांचा रस्ता बंद होतो. कनेटिकटने 2005 मध्ये याच धर्तीवर कायदा केला. गव्हर्नर जॉन रोलंड यांना भ्रष्टाचाराच्या प्रकरणात राजीनामा द्यावा लागला, त्याच्या पुढच्याच वर्षी.

देणगीवर भर घालणारी न्यूयॉर्क राज्याची योजना 2024 च्या निवडणुकीपासून लागू झाली. असेंब्लीच्या, म्हणजे राज्याच्या कनिष्ठ सभागृहाच्या, उमेदवाराला 75 स्थानिक देणगीदार आणि 6,000 डॉलर दाखवावे लागतात. त्यानंतर मतदारसंघातल्या रहिवाशाच्या पहिल्या 50 डॉलरवर बारापट, पुढच्या 100 वर नऊपट आणि त्यापुढच्या 100 वर आठपट रक्कम मिळते. म्हणजे 250 डॉलर देणाऱ्या एका माणसामागे सरकारचे 2,300 डॉलर! या सरकारी रकमेची कमाल मर्यादा एका निवडणुकीला 1,75,000 डॉलर.

आकडे बघून न्यूयॉर्ककडे मन झुकेल, पण जरा थांबा. तिथे मोठी देणगीही घेता येते, फक्त तिच्यावर भर मिळत नाही. शिवाय पैसे जमवण्याचं काम शेवटपर्यंत चालूच राहतं. मेनच्या उमेदवाराची त्यातून बरीच सुटका होते आणि तो वेळ लोकांच्या दारात जातो. माझ्या लेखी हा फायदा फार मोठा आहे.

मात्र ठोक रकमेची अडचणही तितकीच खरी. खर्चाची मर्यादा कुणावर लादता येत नाही, सरकारी पैशाच्या बदल्यात उमेदवाराने ती आपणहून स्वीकारली तर चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्येच सांगितलं. म्हणजे तुमचे हात बांधलेले आणि प्रतिस्पर्धी मोकळा. अ‍ॅरिझोनाने यावर तोडगा काढला होता: प्रतिस्पर्ध्याचा खर्च वाढला की तुमचं अनुदानही वाढायचं. 2011 मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती तरतूद रद्द केली. मेनच्या मतदारांनी 2015 मध्ये वेगळी वाट काढली. आणखी पाच-पाच डॉलर गोळा करा आणि पुढचे हप्ते मिळवा. प्रतिस्पर्धी किती खर्च करतो याच्याशी संबंध नाही, म्हणून हा उपाय मला सर्वांत पक्का वाटतो.

छोटे मतदारसंघ, पायी फिरून होणारा प्रचार असेल तर मेनची दुरुस्त केलेली पद्धतच मागा. राज्य मोठं असेल, टीव्हीवरच्या जाहिराती महाग असतील, बाहेरचे गट पैसा ओतत असतील, तर न्यूयॉर्कची पद्धत जास्त टिकेल, कारण तिथे खर्चावर मर्यादा नाही.

पद्धत कुठलीही निवडा, निधी कुठून येणार हे कायद्यातच लिहून घ्या. अ‍ॅरिझोनाने दंडांवर 10 टक्के अधिभार लावला, कनेटिकटने बेवारस मालमत्तेचा पैसा वळवला. दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर सोडलात, तर तिजोरीची किल्ली ज्यांना नवे प्रतिस्पर्धी नकोत त्याच आमदारांच्या हाती राहील.