आठ महिने होनोवर: एकच कोड, चार रनटाइम

आमच्या गावच्या दूध संकलन केंद्राचं ॲप गेले आठ महिने होनो या जावास्क्रिप्टच्या वेब फ्रेमवर्कवर चालतंय. उत्पादकाचा नंबर टाकायचा, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) भरायचं, दर निघतो, पावती निघते. दर दहा दिवसांनी बिल. आधी हेच एक्सप्रेस या जुन्या फ्रेमवर्कवर होतं आणि नोड या रनटाइमला, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, घट्ट बांधलेलं होतं.

होनो हे युसुके वादा यांनी २०२१ च्या अखेरीस क्लाउडफ्लेअर वर्कर्ससाठी, म्हणजे त्या कंपनीच्या जगभर पसरलेल्या 'एज' सर्व्हरवर कोड चालवणाऱ्या सेवेसाठी, लिहायला घेतलं. ब्राउझरमध्ये असतात तेच रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स त्याच्या मुळाशी आहेत, म्हणून तोच कोड डेनो आणि बन या दुसऱ्या रनटाइमवरही चालतो. नोडला तेवढा एक छोटा अडॅप्टर लागतो. माझे सगळे राउट (कुठल्या पत्त्यावर काय चालायचं ते) एका रविवारात हलले. इथवर होनोला पैकीच्या पैकी.

खरं काम राउटच्या बाहेर निघालं. दरपत्रक मी डिस्कवरच्या फाइलमधून वाचत होतो. एजवर तशी डिस्कच नाही, म्हणून ते बिल्डमध्येच, म्हणजे कोडसोबतच, बांधलं. पासवर्डचं जुनं पॅकेज सी++ मधून कंपाइल होणारं, तेही एजवर चालत नाही, म्हणून ते काढून रनटाइममध्येच असलेलं वेब क्रिप्टो घेतलं. पासवर्डऐवजी साठवलेले जुने हॅश नव्या पद्धतीत बदलता येत नाहीत, तेव्हा तिन्ही ऑपरेटरना नवे पासवर्ड ठेवायला सांगितलं. या सफाईत डेनोची फार मदत झाली. परवानगी दिल्याशिवाय तो फाइलला हात लावू देत नाही, त्यामुळे पावतीचं पीडीएफ करणारं पॅकेज मराठी फॉन्ट गुपचूप डिस्कवरून उचलतंय हे पहिल्याच दिवशी कळलं. नोडवर हे वर्षभर दिसलं नव्हतं.

सगळ्यात मोठा फटका वेळेचा. सकाळची पाळी की संध्याकाळची हे ठरवायला मी 'गेटअवर्स' (घड्याळातला तास देणारं फंक्शन) बाराच्या आत आहे का एवढंच बघत होतो. आमच्या सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर, एजवर मात्र यूटीसी, म्हणजे साडेपाच तास मागे. पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी घातलेलं दूध तिथे रात्री ११ वाजून ४० मिनिटांचं झालं आणि आदल्या दिवशीच्या संध्याकाळच्या पाळीत जाऊन बसलं. एका मावशींनी पावती हातात धरून विचारलं, "काल संध्याकाळी मी दूध घातलंच नाही, मग हे कुणाचं?" चूक माझ्या कोडची होती. त्या दिवसाची सगळी खाती वहीशी ताडून दुरुस्त केली. आता तारीख आणि तास दोन्ही 'एशिया/कोलकाता' नाव देऊनच काढतो, सर्व्हर कुठलाही असो.

बनचा झटपट सुरू होण्याचा वेग मला मनापासून आवडला, घरी विकासासाठी तोच वापरतो. केंद्रात नोड आहे. उत्पादकांनी मोबाइलवर पावती बघायचं पान वर्कर्सवर आहे. पहाटे ५ वाजून १० मिनिटांची ती नोंद आता चारही रनटाइमच्या चाचणीत आहे. एकाही ठिकाणी पाळी चुकली तर डिप्लॉय, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवणं, पुढे जात नाही.