मांजरांसाठी बाग बदलली, त्याला नऊ महिने झाले

नऊ महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी माझी मांजर ठमी कुंड्यांपाशी बसून सारखं तोंड पुसत होती. हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती. मधूनच डोकं झटकायची, पुन्हा पंजा तोंडाशी न्यायची. शेजारच्या डायफेनबेकियाच्या पानाची कड कुरतडलेली दिसली आणि माझ्या काळजात धस्स झालं. डॉक्टरांनी सांगितलं, या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावताक्षणी ते जिभेत आणि हिरड्यांत घुसतात. रात्री उशिरा ती सावरली, सकाळी जेवलीही. झोप माझीच उडाली होती, कारण त्याच रांगेत कण्हेर, अडेनियम, सदाफुली होती आणि लिलीला कळ्या धरल्या होत्या.

“आमची मांजरं झाडांना तोंड लावत नाहीत” असं चार वर्षं मीही सगळ्यांना सांगत होते. हे वाक्य मनातून काढून टाका, एवढीच माझी कळकळीची विनंती.

सगळ्यात आधी लिली गेली. खऱ्या लिलीचं आणि डे लिलीचं पान, फूल, देठ, सगळंच मांजराला घातक. अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. उतारा नाही. लवकर सलाइन सुरू झालं तरच आशा असते, म्हणून ओकारी होईपर्यंत वाट बघायची नाही, थेट दवाखाना गाठायचा. कण्हेर आणि अडेनियम हृदयावर घाला घालतात, तीही गेली. मनी प्लांट, स्नेक प्लांट, जेड, कोरफड यांचा धोका त्या मानाने कमी, पण घरात मांजर नसलेल्या मैत्रिणीने ती आनंदाने नेली.

नवी झाडं आणताना सगळा घोळ नावांचा. पीस लिली ही लिलीच नाही, तिचा त्रास डायफेनबेकियासारखा तोंडाचा. अरेका पाम मांजरांना निर्धोक, पण सेगो पाम म्हणजे सायकस, तो मुळात पामच नाही आणि यकृत निकामी करतो, बिया तर सगळ्यात जहाल. मला एका नर्सरीत “हा पण पामच” म्हणून सायकसच दाखवला होता. तेव्हापासून शास्त्रीय नाव जुळल्याशिवाय मी रोप उचलत नाही. निर्धोक हावर्थिया आणि कोरफड लहानपणी इतक्या सारख्या दिसतात की डोळ्यांवर भरवसा ठेवून चालत नाही.

आता कोण कसं टिकलं ते सांगते. अरेका अव्वल. नवी पालवी कुरतडली जाते, पण झाड दाद देत नाही. बोस्टन फर्न छान वाढला होता, पण माझ्या दुसऱ्या मांजराने, बंड्याने, त्यात बैठक मारून मधोमध खळगा केला, म्हणून तो आता टांगलाय. स्पायडर प्लांट विषारी नाही हे खरं, तरी ठमीने पोटभर खाल्ला आणि तीनदा हिरवे धागे ओकली. त्याची लोंबणारी छोटी रोपं हलली की दोघंही झेपावतात, तेव्हा तो त्यांच्या उडीच्या टप्प्याबाहेर हवा.

खरा फरक पडला तो गव्हाच्या गवताने. मूठभर गहू रात्री भिजवायचे, पसरट कुंडीत दाट पेरायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरे टोकदार कोंब मातीचा पापुद्रा उचलून वर येतात, आठ-दहा दिवसांत चार बोटं उंच होतात. ठमी मान तिरकी करून दाढेने एकेक पातं तोडते, करकर आवाज येतो. दोन कुंड्या आलटून पालटून पेरते, बुडाशी बुरशी दिसली की टाकून देते. गवत आल्यापासून बाकीच्या झाडांवरची धाड निम्म्याहून कमी झाली.

कॅटनिप या मांजरांना भुलवणाऱ्या झाडाबद्दल आधीच सांगते, त्यातल्या नेपेटालॅक्टोन या द्रव्याचा परिणाम सगळ्या मांजरांवर होत नाही, ते आनुवंशिक असतं. बंड्या लोळण घेतो, ठमी हुंगून निघून जाते. बंड्याने पहिलं रोप मुळासकट चेंगरलं. दुसऱ्यावर जाळीची टोपली उपडी घातलीय, जाळीबाहेर आलेला पाला त्याचा, आतलं खोड झाडाचं.

झाड सुरक्षित म्हणजे कुंडी सुरक्षित असं नाही, हे मला गुलाबाने शिकवलं. गुलाब निर्धोक, पण त्याच्यावरचं कीटकनाशक नाही. मावा आता पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने घालवते. गोगलगाईंच्या गोळ्या बंद. एरंडीची पेंडही बंद, कारण तिच्यात रायसिन हे विष उरलेलं असू शकतं. मोकळी माती दिसली की दोघं उकरून तिथेच उरकतात, म्हणून वर मोठे गोटे रचलेत. बारीक खडी त्यांनी दोन दिवसांत उपसली होती.

एक उणीव अजून भरून निघालेली नाही, ती रंगांची. कण्हेरीचा तो गुलाबी बहर आठवतो. जर्बेरा तग धरून आहे, मोगरा वासाची कसर भरून काढतो, आणि गेल्या आठवड्यात झिनिया पेरलाय. उगवलेल्या सातांपैकी तीन रोपांवर बंड्या झोपला. उरलेल्या चारांभोवती काल काड्यांचं कुंपण घातलं.