प्रिझमॅटिक कंपास: गच्चीवरच्या आठ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबरात घेतला, आता जून आहे. उपग्रह ऐकण्यासाठी गच्चीवर 435 मेगाहर्ट्झची दहा एलिमेंटची (आडव्या दांड्यांची) यागी, म्हणजे एकाच दिशेला रोखलेली अँटेना, ती फिरवणाऱ्या मोटरवर म्हणजे रोटेटरवर चढवली. रोटेटरचा शून्य अंश खऱ्या उत्तरेला लावायचा म्हणून हा कंपास, म्हणजे प्रिझममधून अंश वाचायचं होकायंत्र, आणला.

पहिल्याच दिवशी गोंधळ. पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडजवळ सुई एक उत्तर दिशा दाखवते, गच्चीच्या मधोमध दुसरी. दोन्हींत 14 अंशांचा फरक! मी मधली खरी धरली. मग तीन आठवडे स्पेस स्टेशनच्या रिपीटरचा (आलेला आवाज पुन्हा प्रसारित करणाऱ्या रेडिओचा) 437.800 मेगाहर्ट्झवरचा आवाज ऐन भरात बुडायचा. केबल तपासली, कनेक्टर बदलले, काही उपयोग नाही.

सगळे चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतल्या फरकाची काळजी करतात. पुण्यात तो एका अंशाहूनही कमी आहे, सरळ सोडून द्या. सुई ओढतात त्या स्लॅबमधल्या सळया, मास्टचा पाइप, खिशातला मोबाइल. प्रिझम डोळ्याशी धरावं लागतं, त्यामुळे चष्म्याची लोखंडी फ्रेमसुद्धा.

शेवटी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओळंबा टांगला. आपलं घड्याळ 82.5 रेखांशावरचं आणि पुणे 73.8 वर, म्हणजे माध्यान्ह सुमारे 35 मिनिटं उशिरा. पण त्या आठवड्यात सूर्य घड्याळाच्या 16 मिनिटं पुढे असतो. माध्यान्हीची सावली खऱ्या उत्तरेच्या रेषेत पडते, म्हणून बरोबर 12 वाजून 18 मिनिटांनी दोरीच्या सावलीवर खडूने रेघ ओढली. कंपासची 'मधली' उत्तर तिच्यापासून 9 अंश सरकलेली निघाली. खात्रीसाठी सिंहगडावरच्या टीव्ही मनोऱ्याची दिशा नकाशावर काढली: माझ्या गच्चीवरून 199 अंश. रेघेवरून मोजली तीही तितकीच. रोटेटरचा शून्य त्या रेघेला लावला. त्या संध्याकाळी रिपीटर क्षितिजापासून क्षितिजापर्यंत ऐकू आला, तो आनंद अजून ताजा आहे.

मग कंपास वाया गेला का? अजिबात नाही. मोकळ्या माळावर पोर्टेबल अँटेना लावताना तो अर्ध्या अंशापर्यंत छान वाचता येतो आणि तिथे मी दुसरं काही वापरत नाही. एप्रिलच्या उन्हात आतल्या द्रवात बुडबुडा आला, झाकणाची बिजागरीही सैल झाली. या किमतीला हे खटकतं.

गच्चीसाठी घेणार असाल तर घेऊ नका, ओळंबा पुरे. मात्र आत्ता सावलीच्या नादी लागू नका: मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि दोन मीटर दोरीची सावली वीतभरही पडत नाही. रात्री उघडीप मिळाली तर उत्तरेला साडेअठरा अंशांवर ध्रुवतारा शोधा, ओळंब्याची दोरी त्याच्या रेषेत आणा. चूक एका अंशाच्या आत राहते.