जुनी बॉक्सस्टर घ्यावी का? चौदा महिने आणि ११,८०० किलोमीटरनंतरचा अनुभव

गाडी पोर्शे बॉक्सस्टर, ९८७ पिढीतली. २.७ लिटर, २४५ अश्वशक्ती, पाच गिअर, मॅन्युअल. पहिली नोंदणी २००७. घेतली तेव्हा रनिंग १,०४,२०० होतं, काल संध्याकाळी बरोबर १,१६,००० झालं. किंमत १६,९०० युरो. आम्ही श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतो. घरात दुसरी साधी गाडी आहे, आणि हे आधीच सांगतो, कारण ती नसती तर मी ही घेतली नसती.

घेण्याआधीचे चार महिने रोज रात्री जेवण झालं की मी एकाच विषयावर वाचत बसायचो, आयएमएस बेअरिंग. जुन्या बॉक्सस्टरचं नाव काढलं की पहिला शब्द हाच निघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. या इंजिनात क्रँकशाफ्टवरची साखळी आधी एका मधल्या शाफ्टला (इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणून आयएमएस) फिरवते आणि तो शाफ्ट पुढच्या साखळ्यांनी कॅमशाफ्ट चालवतो. त्याच्या एका टोकाला बॉल बेअरिंग असतं, ग्रीस भरून सील केलेलं. वर्षं गेली की सील ढिलं पडतं, इंजिनातलं ऑइल आत झिरपतं आणि ग्रीस धुऊन नेतं. आत गेलेलं ऑइल मात्र बदललं जात नाही, तिथेच कुजत राहतं. बेअरिंग तुटलं की टायमिंग जातं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन भंगारात. बहुतेक वेळा आधी दिवाही लागत नाही.

भीती निराधार नाही. अमेरिकेत २००१ ते २००५ च्या गाड्यांसाठी मालकांनी सामूहिक दावा लावला होता आणि २०१३ मध्ये त्यात तडजोड झाली. बेअरिंग निकामी होण्याचे जे आकडे त्या प्रकरणातून सगळीकडे फिरतात ते असे: एकेरी बेअरिंगच्या (गोळ्यांची एकच रांग) गाड्यांत साधारण ८ टक्के, त्याआधीच्या दुहेरी बेअरिंगच्या (दोन रांगा) गाड्यांत १ टक्क्याहून कमी. २००६ ते २००८ च्या इंजिनांत बेअरिंग मोठं आणि दणकट आहे, तक्रारी फार कमी. पण त्याची एक अडचण आहे. इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय ते बाहेर काढता येत नाही. आधीच्या गाड्यांत गिअरबॉक्स उतरवला की बेअरिंग बदलता येतं, सिरॅमिक गोळ्यांचं बसवता येतं. २००९ पासून इंजिनच नवं आलं आणि त्यात हा मधला शाफ्टच नाही.

मग सरळ २००९ ची का नाही घेतली? पैसे. आमच्या भागात बऱ्या अवस्थेतल्या २.९ लिटरच्या गाडीला पंचवीस हजार मागत होते. मला आवडलेल्या २००७ च्या गाडीपेक्षा आठ हजार जास्त. चार महिने मी ज्या प्रश्नाशी झटत होतो तो बायकोने एका संध्याकाळी सोडवला. ती म्हणाली, "इंजिन गेलं तर किती?" मी सांगितलं, वापरलेलं इंजिन आणि मजुरी मिळून सात-आठ हजार. "मग तेवढे आधी वेगळ्या खात्यात टाक. ते टाकूनही गाडी परवडत असेल तर घे. नसेल परवडत तर विषय बंद." आम्ही त्या दिवशी खातं उघडलं. मला खरा निर्णय त्या दिवशी झाला असं वाटतं, गाडी तर अजून सापडायची होती.

चार गाड्या बघितल्या, त्यातल्या दोन सांगण्यासारख्या. पहिली २००२ ची ९८६ एस, म्हणजे आधीच्या पिढीतली, जास्त ताकदीची बॉक्सस्टर, चंदेरी, रनिंग फक्त ६२,०००. मालकाने गॅरेजचं दार उघडलं आणि मी बघतच राहिलो. आत गालिचा, गाडीवर मऊ कापड, सीटवर एक ओरखडा नाही. अलीकडे वर्षाला हजार किलोमीटरही होत नव्हते, आणि ऑइल शेवटचं कधी बदललं ते मालकाला आठवेना. घरी येऊन मी आण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन केला. आण्णा सांगलीला एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक होते. त्यांनी फोटो बघितले आणि म्हणाले, "अरे, ही गाडी कुणी चालवलेली नाही, नुसती पुसलेली आहे. उभ्या गाडीतलं ऑइल उभंच राहतं. मला चाललेली दाखव." या बेअरिंगबद्दल जाणकार मेकॅनिक नेमकं हेच सांगतात. कमी चाललेल्या, थंड इंजिनावर जवळच्या फेऱ्या मारलेल्या गाड्यांत धोका जास्त. आण्णांनी आयुष्यात बॉक्सस्टर बघितलेली नव्हती.

शेवटी जी घेतली ती ट्युबिंगनकडच्या एका निवृत्त शिक्षिकेची. अकरा वर्षं त्या हीच गाडी घेऊन रोज शाळेत जात, हिवाळ्यातही. पुढच्या बंपरवर खडीचे टवके, ड्रायव्हरच्या सीटची कड झिजलेली. पण एक जाडजूड फाइल होती आणि त्यात प्रत्येक बिल. ऑइल दरवर्षी, न चुकता. चॅसिस नंबरातलं अकरावं अक्षर 'यू', म्हणजे गाडी फिनलंडमधल्या उसिकाउपुंकीच्या कारखान्यात बांधलेली. पुष्कळ बॉक्सस्टर तिथेच बनल्या. त्सुफेनहाउझेनच्या, म्हणजे पोर्शेच्या श्टुटगार्टमधल्या कारखान्यातल्या गाडीला त्या जागी 'एस' असतो. इथे काही लोक 'एस'साठी हट्ट धरतात. मला त्यात काही अर्थ दिसला नाही.

पैसे देण्याआधी गाडी एका स्वतंत्र मेकॅनिककडे नेली. अडीच तास, २४० युरो. या गाडीवर मी खर्च केलेल्यातले हे सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे. इंजिन वरून दिसतच नाही. मागच्या डिकीत फक्त ऑइल आणि कूलंट भरायची तोंडं आहेत, त्यामुळे लिफ्टवर घेतल्याशिवाय काही कळत नाही. त्याने ऑइल फिल्टर काढला, कागदाच्या घड्या एकेक उलगडून पांढऱ्या कापडावर पुसल्या, चकाकी आहे का बघितलं, वरून चुंबक फिरवलं. मग संगणक लावून कॅमशाफ्टच्या कोनातला फरक वाचला आणि इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलं गेलं तो हिशोबही काढला. बोअरस्कोप (नळीच्या टोकावरचा बारीक कॅमेरा) घालून सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे आहेत का तेही बघितलं. हा त्रास ३.४ लिटरच्या इंजिनांत जास्त ऐकू येतो, २.७ मध्ये कमी, पण बघून घ्यावं. सगळं स्वच्छ निघालं. क्लच मात्र शेवटाला आला होता. शिक्षिकाबाईंनी त्यासाठी किंमत हजाराने कमी केली.

क्लच दुसऱ्याच महिन्यात बदलला, २,०५० युरो. गिअरबॉक्स उतरलाच होता म्हणून क्रँकशाफ्टचं मागचं सील नवं घातलं आणि मेकॅनिकच्या सल्ल्याने त्या मोठ्या बेअरिंगचं बाहेरचं सील काढून टाकलं. बेअरिंग बदलता येत नसलं तरी आता त्याला इंजिनातलं ताजं ऑइल मिळत राहतं. ही युक्ती बरेच जण वापरतात. ज्यांची गाडी २००६ ते २००८ ची आहे त्यांनी क्लचच्या वेळी हे विचारून घ्या, वेगळी मजुरी जवळजवळ पडत नाही.

आता चौदा महिन्यांत काय काय झालं ते.

ऑगस्टमध्ये मागून झणझण आवाज यायला लागला. माझा मेकॅनिक सुट्टीवर होता म्हणून दुसऱ्या एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने गाडी लिफ्टवरही न घेता, उभी असतानाच कान लावला आणि म्हणाला, "आयएमएस. चालवू नका. नऊ हजारांपर्यंत जाईल." त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. चार महिने वाचलेलं सगळं एकदम डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि मी सही करायच्या बेतात होतो. का थांबलो माहीत नाही, बहुधा आण्णांना विचारावं असं वाटलं म्हणून. व्हिडिओ कॉल लावला. आण्णांनी गाडी सुरू करायला लावली, हळूहळू फेरे वाढवायला सांगितले, फोन मागच्या चाकाजवळ धर म्हणाले. "आवाज फेऱ्यांबरोबर चढतो का? का एकाच जागी येतो आणि जातो?" एकाच जागी. बावीसशेच्या आसपास, पुढे गप्प. "मग बेअरिंग नाही. बेअरिंग असं लपाछपी खेळत नाही, ते फेऱ्यांबरोबर ओरडतं. कुठंतरी पत्रा सुटलाय." माझा मेकॅनिक परतल्यावर त्याने लिफ्टवर घेऊन पाच मिनिटांत दाखवलं: सायलेन्सरचा क्लॅम्प गंजून ढिला झाला होता. मजुरीसकट ८५ युरो.

हा प्रसंग मी मुद्दाम लांबवून सांगतोय. ज्या गाडीच्या एका बिघाडाची एवढी कीर्ती आहे तिच्या मालकाला कुणीही घाबरवू शकतं. तुम्हाला नऊ हजारांचं काम सांगितलं तर पुरावा मागा. फिल्टरमध्ये कण दाखवा म्हणा, कोनाचे आकडे दाखवा म्हणा.

ऑक्टोबरमध्ये सीटमागचा गालिचा ओला लागला. चूक माझी. गाडी लिंडनच्या झाडाखाली लावत होतो आणि छताच्या पाण्याच्या नळ्या पानांनी तुंबल्या होत्या. पाणी आत साचून इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट भिजला तर गाडी सुरूच होत नाही आणि नवा महाग. वेळेत कळलं म्हणून वाचलो. दोन तास लवचीक तार घालून नळ्या साफ केल्या. आता दर महिन्याला करतो. पुढच्या बंपरमागेही पानं साचतात, रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या मधोमध, आणि ती ओली राहिली की कंडेन्सर गंजतो. वर्षातून एकदा बंपर उतरवून साफ करून घ्या.

जानेवारीत तीन आठवडे सांगलीला जाऊन आलो तर बॅटरी पूर्ण उतरलेली. बॅटरी पुढच्या डिकीत आणि डिकीचं कुलूप विजेवर. घाबरू नका: ड्रायव्हरच्या पायाजवळच्या फ्यूजच्या पेटीत एक टोक बाहेर ओढता येतं, त्याला दुसऱ्या बॅटरीचा धन आणि गाडीच्या उघड्या धातूला ऋण जोडला की कुलूप उघडतं. परतल्या परतल्या ६० युरोंचा चार्जर घेतला. चारही टायर बदलले, ७९०. नक्षी उत्तम होती, पण कडेवरचा उत्पादनाच्या तारखेचा चार अंकी आकडा वाचला तर मागचे टायर नऊ वर्षांचे निघाले. ऑइल दोनदा, ३८०. पुस्तिकेतल्यापेक्षा लवकर बदलतो, आणि दर वेळी फिल्टर स्वतः उलगडून बघतो. ब्रेक ऑइल ९०. तपासणीचे २४० धरून एकूण ३,६९५ युरो. विमा वर्षाला ६४०, रोड टॅक्स १८२. पेट्रोल लिटरला साधारण पावणेदहा किलोमीटर, आणि तेही महागातलं.

एवढं करून मिळतं काय? श्वार्त्सवाल्डच्या डोंगरातून बाडेन-बाडेन ते फ्रॉयडनश्टाट असा साठेक किलोमीटरचा रस्ता आहे, बी-५००. मे महिन्यात रविवारी पहाटे सहाला निघालो, छत उघडं. छताचा खटका हाताने सोडायचा, मग बटण, बारा सेकंदांत आकाश. सूचिपर्णी झाडांचा ओला वास सरळ अंगावर येतो. इंजिन पाठीमागे, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, त्यामुळे वळणावर गाडी तुमच्या कमरेभोवती फिरते आहे असं वाटतं. स्टिअरिंग जुन्या पद्धतीचं, हायड्रॉलिक. रस्त्यावरचा प्रत्येक खडा हाताला कळतो. साडेचार हजार फेऱ्यांच्या पुढे तो आवाज असा उघडतो की मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मोठ्याने ओरडलो. मुम्मेलझेच्या तळ्याशी थांबलो आणि दहा मिनिटं नुसता गाडीकडे बघत उभा राहिलो. सरळ रस्त्यावर आजची चांगली इलेक्ट्रिक गाडी हिला सहज मागे टाकेल. मला त्याचं काहीच वाटत नाही.

दोनच सीट, म्हणून तिघांचं कुटुंब कधीच एकत्र जाऊ शकत नाही, ही खरी उणीव. आठ वर्षांची लेक आळीपाळीने बसते. डिक्या दोन आहेत, पुढची चांगली खोल, आठवड्याची भाजी आरामात मावते. गणपती मात्र डिकीत ठेवायचा नाही असं लेकीने ठरवलं होतं. शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन आली, सगळा रस्ता मला "हळू" म्हणत. दसऱ्याला बागेच्या दुकानातून झेंडूची रोपं आणून हार केला, तो अजून आरशाच्या मागे सुकलेला आहे.

तिकडून दोघा-तिघांनी विचारलं की भारतात परतताना नेणार का. डाव्या स्टिअरिंगची आणि इतकी जुनी, नियमात बसतच नाही. ती इथलीच.

एकच गाडी परवडत असेल, किंवा वर्षाला दोन हजार किलोमीटरही होणार नसतील, तर ही घेऊ नका, कितीही मन ओढलं तरी. आणि घेणार असाल तर कमी रनिंगच्या मागे लागू नका, फाइल मागा. माझ्याकडे अजूनही थंडीत सकाळी किल्ली फिरवल्यावर पहिली दोन मिनिटं कान आपोआप मागे जातात. ते थांबेल असं वाटत नाही. ऑइल गरम होईपर्यंत तीन हजार फेऱ्यांच्या वर नेत नाही.

आण्णा पुढच्या महिन्यात येणार आहेत. व्हिसा कालच आला. म्हणाले, मला बी-५०० वगैरे नको, आधी लिफ्टवर चढव, खालून बघू दे. मेकॅनिककडे शनिवारची वेळ घेऊन ठेवली आहे. वेगळ्या खात्यातले आठ हजार तसेच आहेत.