वार्निश की एसडीएफ? दोन वर्षांच्या मुलाचे किडके दात

किड रोखायला दातावर फ्लोराइडचे वार्निश लावायचे की एसडीएफ हे चांदीयुक्त औषध, हे दाताला छिद्र पडलेय की नाही, यावर ठरते. हिरडीलगत नुसती खडूसारखी पांढरी रेघ असेल तर ती अजून भरून येऊ शकते. तिथे ५ टक्के सोडियम फ्लोराइडचे वार्निश पुरते.

वार्निश ब्रशने मिनिटभरात लागते आणि थुंकीनेच घट्ट होते. दात काही तास पिवळट दिसतात. त्या दिवशी गरम, कडक, चिकट काही नको (दोदोल, म्हणजे गोव्याची चिकट मिठाई, तर मुळीच नको) आणि ब्रश दुसऱ्या सकाळी. दर ३ ते ६ महिन्यांनी परत लावावे लागते. फेरी चुकली की फायदा ओसरतो.

छिद्र पडून दात तपकिरी, मऊ झाला असेल तर ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, म्हणजे एसडीएफ. ना ड्रिल, ना सुई. पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. पुढच्या दातांवर ते दिसणारच. ओठावरचा डाग आठवड्या-दोन आठवड्यांत जातो, कपड्यावरचा जात नाही. किडणे बहुतेकदा थांबते, खड्डा भरत नाही. चांदीची ॲलर्जी, रात्रीची ठणक किंवा हिरडीवर पू असेल तर हे नको.

बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात लहान मुलांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे दात दाखवून ठरवा.

रात्रीची साखरदुधाची बाटली सुटली नाही तर दोन्ही फुकट. तांदळाच्या दाण्याएवढी १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट दिवसातून दोनदा लागतेच.

पांढरी रेघ असलेल्यांना वार्निश. छिद्र आहे, पण मूल खुर्चीत टिकत नाही, त्यांना एसडीएफ.