पाणी कधी द्यायचं: हवामानाच्या हिशेबावर की टेन्सिओमीटरच्या काट्यावर?

पिकाला पाणी कधी आणि किती द्यायचं हे ठरवायचे शास्त्रीय मार्ग मुख्यतः दोन. एकात हवामानाचे आकडे घेऊन पिकाने किती पाणी उडवलं याचा हिशेब मांडायचा. दुसऱ्यात मुळांजवळ टेन्सिओमीटरसारखं उपकरण पुरून मातीलाच विचारायचं. दोन्ही एकदम करायला वेळ आणि पैसा नसेल, तर आधी कुठला? माझं मत सुरुवातीलाच मांडून टाकतो. भारी जमीन, सरीने किंवा तुषारने पाणी आणि दोन पाळ्यांमध्ये बरेच दिवस, असं असेल तर हिशेब. हलक्या जमिनीत ठिबकवर भाजीपाला असेल तर टेन्सिओमीटर.

हिशेबाची मुळं १९४८ सालात आहेत. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रातले हॉवर्ड पेनमन यांनी उन्हातून मिळणारी ऊर्जा आणि वाऱ्याची व कोरड्या हवेची ओढ या दोन्ही गोष्टी एका समीकरणात बसवल्या. पुढे १९६५ मध्ये जॉन माँटिथ यांनी त्यात पानांच्या रंध्रांचा अडथळा जोडला. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये काढलेल्या ५६व्या क्रमांकाच्या पुस्तिकेने या कामाला सर्वत्र वापरता येईल असं रूप दिलं. १२ सेंटिमीटर उंचीचं, पाण्याची ददात नसलेलं हिरवं गवत दिवसाला किती पाणी उडवेल ते काढायचं, आणि त्याला पिकाच्या गुणांकाने गुणायचं. टोमॅटोचा गुणांक लागवडीनंतर ०.६ आणि भर वाढीत १.१५.

गवताचा आकडा ५ मिलिमीटर आला, तर भरातल्या टोमॅटोचे झाले ५.७५. मध्यम जमीन एक मीटर खोलीत साधारण १४० मिलिमीटर उपलब्ध पाणी धरते असं समजू. मुळं अर्धा मीटर खोल, म्हणजे ७०. त्यातलं ४० टक्के वापरून झालं की टोमॅटोला ताण बसायला लागतो, म्हणजे हाताशी २८ मिलिमीटर. पावणेसहाने भागा: पाचव्या दिवशी पाणी द्यायला हवं. हेच ठिबकवर रोज द्यायचं असेल आणि दहा टक्के पाणी वाया जातं असं धरलं, तर ६.४ मिलिमीटर द्यावं लागेल. नळ्यांमधलं अंतर दीड मीटर आणि ड्रिपर ४० सेंटिमीटरवर असतील, तर एका ड्रिपरच्या वाट्याला ०.६ चौरस मीटर जागा येते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. म्हणजे ड्रिपरमागे ३.८ लिटर झाले, आणि ताशी ४ लिटरचा ड्रिपर असेल तर जेमतेम तासभर मोटर.

हे सगळं कागदावर होतं, जमिनीत काही पुरावं लागत नाही. दुखणं वेगळंच आहे. हा हिशेब बँकेच्या खात्यासारखा चालतो, आणि रोजची बारीक चूक साचत जाते. दहा टक्के जास्त धरलं तर महिन्यात १७ मिलिमीटर चुकले, म्हणजे वरच्या २८ च्या निम्म्याहून जास्त. शिवाय हवामान केंद्र लांबचं असतं, आणि पावसातलं किती मुरलं, किती वाहून गेलं, हा शेवटी अंदाजच. तक्त्यातला गुणांकही निरोगी, दाट पिकाचा असतो. रोप खुरटलेलं असेल तर तो जास्त पाणी सांगतो.

टेन्सिओमीटर यातलं काहीच विचारत नाही. पाण्याने भरलेली नळी, खाली सच्छिद्र मातीची कुपी, वर निर्वात मोजणारा काटा. माती कोरडी पडली की कुपीतून पाणी ओढते आणि काटा चढतो. काट्यावरची ही ओढ सेंटिबारमध्ये मोजतात. ती दहा सेंटिबारच्या खाली असेल तर जमीन अजून ओलीचिंब आहे, वाफसा यायचाय. हलक्या जमिनीत काटा विशीच्या आसपास गेला की पाणी सुरू करावं. भारी जमिनीत पन्नास-साठपर्यंत थांबता येतं. ऐंशीच्या आसपास मात्र नळीत हवा शिरते आणि उपकरण मुकं होतं. म्हणून जमीन खूप सुकू देऊन पाणी देण्याची पद्धत असेल, तर याच्या नादी लागू नये.

बसवण्यात हयगय केली की आकडे खोटे येतात. कुपी रात्रभर पाण्यात भिजवायची, नळीत उकळून थंड केलेलं पाणी भरायचं, आणि भोकात त्याच मातीचा पातळ चिखल ओतून मग कुपी दाबायची. मातीचा आणि कुपीचा पक्का संबंध आला पाहिजे. भेगा पडणाऱ्या जमिनीत तो तुटतो, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वात मोठा दोष. शक्य असेल तर दोन घ्यावेत, एक मुळांच्या दाटीत आणि एक त्यांच्या खाली. खालचा काटा दिवसेंदिवस कमी आकड्यावरून हललाच नाही, तर तुमचं पाणी मुळांना ओलांडून खाली जातंय, आणि सोबत खतही. हिशेबाच्या वहीत हे कधीच दिसत नाही.

उलट काटा ‘आता द्या’ एवढंच सांगतो, ‘किती’ ते सांगत नाही. आणि तो एका जागेचाच असतो.

इलेक्ट्रॉनिक सेन्सर आकडे थेट मोबाइलवर देतात, पण क्षार असलेल्या किंवा चिकणमातीच्या जमिनीत ते त्या मातीसाठी जुळवून घेतल्याशिवाय भरवसा नको. पानांचं तापमान मोजून ताण ओळखण्याची पद्धत इड्सो आणि जॅक्सन यांच्या १९८१ च्या कामापासून रुळली. ढगाळ दिवशी ती फारशी कामाची नाही, आणि ताण सुरू झाल्यावरच बोलते.

यातलं काहीही घेण्याआधी एक बिनखर्ची चाचणी करा. शेतभर विखुरलेल्या सोळा ड्रिपरखाली सारख्याच वेळेसाठी भांडी ठेवा. सर्वात कमी भरलेल्या चार भांड्यांची सरासरी सोळांच्या सरासरीने भागा. उत्तर ०.८५ च्या बरंच खाली आलं, तर आधी नळ्या आणि फिल्टर साफ करा. ज्या ड्रिपरजवळ टेन्सिओमीटर पुराल तोच चोंदलेला निघाला, तर काटा अख्ख्या शेताला जास्तीचं पाणी द्यायला लावेल.